एक कोटी वर्षांनंतरचं पिल्लू

६ जानेवारी

मामा, नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. घरी सगळे बरे आहेत, आईचा गुडघा सोडून. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तर पाठीमागे इतका कलकलाट असतो की मीच ठेवून देते. म्हणून कागदावर.

काम असं आहे. आमच्या संग्रहालयात नवं दालन होतंय. विषय, एक कोटी वर्षांनंतरची पृथ्वी. माणूस संपलेला आहे, असं धरून चालायचं. अकरा वर्षं मी जुनी हाडं जोडतेय आणि फायबरचे हत्ती रंगवतेय. आता पहिल्यांदाच, जो अजून जन्माला आलेलाच नाही असा प्राणी करायला मिळालाय. दालनाच्या मधोमध उभा राहणारा दहा फुटी पक्षी. उडता न येणारा, पळून शिकार धरणारा.

आमच्या डॉक्टरबाई (औषधाच्या नव्हेत, हाडांच्या) म्हणाल्या की असले पक्षी पूर्वी होऊन गेलेत. घोड्याएवढं डोकं, कुऱ्हाडीसारखी चोच. जिथं वाघ-लांडगे पोचले नव्हते तिथं त्यांचंच राज्य होतं. ते गेले, पण त्यांच्या नात्यातले लहान पक्षी अजून शिल्लक आहेत. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यातले सात तर तुझ्या मामाच्या प्रजनन केंद्रात आहेत. तुला ठाऊक नाही?"

ठाऊक होतं हो. पण 'मामाचे पक्षी' म्हणून. ते कुणाचे वंशज असतील हे कधी डोक्यातच आलं नाही.

तर मामा, सव्वीस वर्षं तुम्ही त्यांना रोज बघताय. मला सांगा, ते चालतात कसे, थांबतात कसे, मारायच्या आधी काय करतात. पुस्तकातलं नको. तुम्हाला दिसलेलं हवं.

तुमची टिटवी


१९ जानेवारी

टिटवे,

तुझं पत्र दाण्याच्या खोलीत तीनदा वाचलं. हाताला पक्ष्यांसाठी कापलेल्या उंदरांचा वास होता, तो कागदाला लागला असेल तर नाक धरून वाच.

इथं आम्ही त्यांना आपटे म्हणतो. चोचीत जे सापडेल ते दगडावर आपटतात म्हणून. सरडा असो, उंदीर असो, नाहीतर माझी किल्ली. नवीन आलेले साहेब पहिल्या दिवशी विचारत होते, "हे आपटे कोण? हजेरीपटावर दिसत नाहीत."

आता तुझं काम. चालताना मान पुढे-मागे होते हे तू बघितलं असशील. पण शिकार दिसली की मान थांबते आणि फक्त पाय चालतात. डोकं जणू खिळ्याला टांगलेलं. मग एका डोळ्यानं बघतो, मान वळवून दुसऱ्यानं बघतो, आणि नंतर थोडा वेळ काहीच करत नाही. नवख्याला वाटतं, विसरला. विसरलेला नसतो. पळायला लागला की आपल्याला फक्त धूळ दिसते.

तुझा पक्षी चिडलेला करू नकोस. चित्रांत सगळे शिकारी प्राणी चिडलेले असतात. मी सव्वीस वर्षांत एकही आपटे रागानं मारताना बघितला नाही. आपण कपडे पिळतो तसं ते मारतात.

सगळ्यात वयस्कर मादीला आम्ही थोरली म्हणतो. तिला मी अंड्यातून काढलंय, आणि पहिले चार दिवस ती माझ्या स्वेटरमध्ये वाढली. ती आता मला ओळख दाखवत नाही. जंगलात त्यांना कुणी बघून नऊ वर्षं झाली.

एक विचारतो. माणूस संपला असं धरून चालायचं, हे कुणी ठरवलं? सोयीचं पडतं म्हणून?

तुझा मामा


११ फेब्रुवारी

मामा,

हो, सोयीसाठीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "माणूस ठेवला तर दालनात ठेवायला दुसरं काही उरत नाही."

सोबत चित्र पाठवतेय. आम्ही दोघींनी टप्प्याटप्प्यानं विचार केला. पहिली पाच-दहा लाख वर्षं, मोठे मांसाहारी प्राणी गेलेले, गवत वाढलेलं, उंदरासारखे प्राणी सशाएवढे आणि मग बकरीएवढे झालेले. त्यांच्यामागे पळता पळता तुमचे आपटे उंच होत जातात. पंख लागत नाहीत म्हणून लहान होतात. डोकं मोठं, चोच खोल. तीस लाख वर्षांनी माणसाच्या उंचीचे. एक कोटीला दहा फूट, वजन चार माणसांचं. आपटायची सवय तेवढी राहते, फक्त दगडाऐवजी ते शिकारच जमिनीवर आपटतात. हे मी डॉक्टरबाईंना सुचवलं आणि त्या चक्क हसल्या. त्या हसलेल्या मी याआधी बघितलेल्या नाहीत.

लोखंडी सांगाडा उभा झालाय. त्याच्या पायांमधून मी न वाकता जाते. मामा, रोज सकाळी कुलूप काढून दिवा लावला की तो तिथं असतो, आणि मला खरंच वाटतं की हे असं होईल. आपण नसू, पण काहीतरी असेल. जाहिरातीतल्यासारखं वाटत असेल तर सोडून द्या.

चूक असेल ती न लाजता सांगा.

टिटवी


८ मार्च

टिटवे,

चित्र दाण्याच्या खोलीत भिंतीला लावलंय. उद्यापासून उंदीर कापताना तुझा पक्षी माझ्याकडे बघणार.

चुका दोन. पंख इतके लहान करू नकोस. हे उडत नाहीत, पण पळताना वळायची वेळ आली की पंख उघडतात, आपण निसरड्यावर हात पसरतो तसे. दहा फुटी धूड पंखांशिवाय वळणावर उलथून पडेल. दुसरी चूक, तू त्याला एकटा उभा केलास. एकटा पक्षी म्हणजे संपत आलेला पक्षी. एवढं मला कळतं. एक कोटी वर्षं जगलाय तर त्याच्या पायाशी घरटं पाहिजे.

आता बातमी. थोरलीनं तीन अंडी घातली आहेत. गेली चार वर्षं जी अंडी आली ती सगळी पोकळ निघाली, हे तुला सांगितलं नव्हतं. काल दिव्यासमोर धरून बघितली. दोन पिवळी आणि स्वच्छ, त्यात काही नाही. तिसऱ्यात रक्ताची लाल रेघ आहे. केसाएवढी. मी साहेबांना बोलावून दाखवली. ते म्हणाले, "काचेवरचा ओरखडा असेल." मी दिवा हलवला, तरी रेघ हलली नाही. मग त्यांनी स्वतः वाकून बघितलं.

केंद्र बंद करण्याचा कागद फिरतोय. पिल्लू झालं तर कदाचित थांबेल.

मामा


२९ मार्च

मामा,

रेघ वाचून मी जागची उठले आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी पत्र हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली. नंतर म्हणाल्या, "मामांना सांग, उबवणी यंत्राचा काटा आणि पाण्याचं ताट दर दोन तासांनी बघा." तुम्हाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण त्यांचा निरोप पोचवला.

पंख मोठे केले. घरटंही मंजूर करून घेतलं, दालनाच्या समितीशी भांडून. तीन पिल्लं करणार. पण दहा फुटी पक्ष्याचं पिल्लू कसं दिसतं हे मला कुठून माहीत असणार? तुमचं बाहेर आलं की सगळं लिहा. पहिल्या दिवशी कसं बसतं, पाय कधी टाकतं, कशाला घाबरतं. माझी पिल्लं तुमच्या पिल्लावरून होणार आहेत.

पंधरा ऑगस्टच्या पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे. तुम्ही पहिल्या रांगेत. नाही म्हणायचं नाही.

टिटवी


२० मे

टिटवे,

उत्तराला फार उशीर झाला. हाताला काम होतं.

पिल्लू झालं. अकरा एप्रिलला सकाळी नऊला कवच फुटलं. राखाडी, डोक्यावर उभे केस, डोळे आल्या आल्या उघडे. पहिले दोन दिवस ते पोटावर बसून असतं आणि मान थरथरते. तिसऱ्या दिवशी चोच उघडून ओरडतं, आवाज बिजागरीसारखा. साधारण पंधराव्या दिवशी उभं राहतं. पाय आधी फाकतात, मग ते त्यांच्याकडे असं बघतं की हे कुणाचे. पुढच्या आठवड्याभरात पळतं. थांबता येत नाही म्हणून जाळीवर आदळतं, आणि आदळल्यावर आजूबाजूला बघतं, कुणी पाहिलं तर नाही ना. खडा उचलून दगडावर आपटतं. खडा फुटत नाही म्हणून परत आपटतं. सावलीला घाबरतं. बादलीला घाबरत नाही.

एक पिल्लू उभं राहू बघणारं कर, एक पळणारं, एक खडा धरलेलं.

प्रकृती बरी आहे. जास्त लिहीत नाही.

मामा


१४ जून

मामा,

तिन्ही झाली. खडावाल्याला बघून रंगकाम करणारा जाडा गडी म्हणाला, "याला घरी नेऊ का?" जाळीवर आदळून इकडेतिकडे बघणारं मात्र जमलं नाही, आमच्याकडे जाळी नाही. ते वाचून आई इतकी हसली की गुडघा विसरली. "दादा बोलत नाही कधी, आणि लिहितो बघ कसं," म्हणाली.

तुमचं पिल्लू आता केवढं झालं? एखादा फोटो काढून पाठवा ना. केंद्र वाचलं का? इथं मोठ्या पक्ष्यात थोडे बदल चाललेत, ते समोरासमोर सांगेन.

टिटवी


१७ जुलै

मामा,

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

डॉक्टरबाई सोमवारी बैठकीला गेल्या होत्या. तुमच्या केंद्राचा अहवाल तिथं सगळ्यांना वाटला. त्यात एक ओळ आहे. एक पिल्लू, जन्म अकरा एप्रिल, मृत्यू बावीस एप्रिल, उभं राहू शकलं नाही. तुमचं पत्र वीस मेचं आहे.

मी त्यांना म्हटलं, अहवालात चूक असेल. त्यांनी तुमचं पत्र माझ्याकडून मागून घेतलं, वाचलं, घडी घालून परत दिलं.

मी रागावलेली नाही. पण मामा, तुम्ही पळताना लिहिलंत. आदळताना लिहिलंत. ते कोण होतं?

आणि मीही तुमच्यापासून लपवलंय, तेही आत्ताच सांगते. फेब्रुवारीत दाखवलेला पक्षी आता राहिलेला नाही. समितीनं विचारलं, फलकावर पूर्वज म्हणून कोणता पक्षी लिहायचा? डॉक्टरबाईंनी तुमच्या आपटेंचं नाव खोडलं. मी भांडले. त्या म्हणाल्या, "अगं, सहा-सात पक्ष्यांपासून वंश चालत नाही. त्याला काळ कितीही दे. आधी गर्दी लागते." मग गर्दी कुणाची आहे? कोंबडीची. माणूस जाईल तेव्हा जगात सगळ्यात जास्त कोंबड्या मागे राहतील, त्यातल्या लाखभर तरी सुटतील, लाखाच्या कोटी होतील. म्हणून दहा फुटी पक्ष्याला मी मे महिन्यात लाल तुरा लावला. चाल तुमच्या पक्ष्यांची, थांबणं त्यांचं, पंख तुम्ही सांगितलेले, आणि डोकं कोंबडीचं. तुम्ही पहिल्या रांगेत बसून ते बघणार, या विचारानं मला जेवण जात नव्हतं.

उत्तर द्या.

टिटवी


२६ जुलै

टिटवे,

ती थोरली होती. सव्वीस वर्षांपूर्वीची. जाळीवर आदळायची ती. मी तेव्हाचं आठवून लिहिलं.

का लिहिलं याचं मोठं उत्तर नाही. तुझं पत्र समोर होतं, त्यात तीन पिल्लं करणार असं होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं अकरा दिवसांचं. त्यातले आठ दिवस त्याचे पाय बाजूला फाकलेले होते, बेडकासारखे. मी दोन पायांना मऊ दोरी बांधली, मधे कापसाची गादी ठेवली, खाली खडबडीत गोणपाट अंथरलं. ते मान उचलून माझ्याकडे बघायचं, खायचं, आणि उठायचा प्रयत्न करायचं. दर थोड्या वेळानं प्रयत्न. शेवटच्या दिवशीही. मी लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य खरं लिहिलं आणि पुढचं हातातून आलं. कागदावर ते चालत होतं, मग मी थांबवलं नाही.

अहवालात नाही ते सांगतो. चार एप्रिलला दुपारी जेवण झाल्यावर यंत्राशेजारच्या खुर्चीत माझा डोळा लागला. वीज कधी गेली कळलं नाही. उठलो तेव्हा काटा एकतीसवर उतरला होता. सदतीसच्या वर पाहिजे. किती वेळ गेला, वीस मिनिटं की दीड तास, देव जाणे. जनरेटर लावला, अंडं हातात धरून ऊब दिली. आत हालचाल होती म्हणून कुणाला बोललो नाही. पाय त्यामुळेच गेले. इतकी वर्षं नोकरी केली आणि नेमकी त्या दुपारी झोप लागली.

कोंबडीचं म्हणशील तर मला राग नाही. कोंबड्या भल्या असतात. तुरा नीट लाव, वाकडा दिसला तर लोक हसतील.

पिल्लू उंदरांच्या फ्रीजमध्ये ठेवलंय, वेगळ्या डब्यात. साहेब म्हणतात जाळून टाका. तुझ्या डॉक्टरबाईंना उपयोग असेल तर पाठवतो. पोकळ अंडी पण आहेत, चार वर्षांची. केंद्र पुढच्या महिनाअखेर बंद होतंय. सातही पक्षी, दोन-तीन करून तीन ठिकाणी जातील. मला उद्घाटनाला यायचं नाही. बळजबरी करू नकोस.

मामा


२४ ऑगस्ट

मामा,

उद्घाटन झालं. गर्दी होती. आई तुऱ्याकडे एकदा बघून पुढे गेली, पिल्लांपाशी मात्र बराच वेळ उभी होती.

मी हे पत्र दुसऱ्या कारणानं लिहितेय. तुमचा डबा पोचला. डॉक्टरबाईंनी स्वतः उघडला, मला शेजारी बसवून. पिल्लाच्या कमरेचं हाड त्यांनी भिंगाखाली दाखवलं. मांडीचं हाड जिथं बसतं तिथं खोबण असते, वाटीसारखी. त्याला ती नव्हतीच. दोन्ही बाजूंना सपाट. त्या म्हणाल्या की ही खोबण अंड्यात फार आधी तयार होते, चार एप्रिलच्या कितीतरी आधी. वीज जाण्याचा, झोपेचा काहीही संबंध नाही. मग त्यांनी जुनी अंडी तपासली. ती पोकळ नव्हती मामा. दोन अंड्यांत अगदी लहान गर्भ मेलेले सापडले, इतके लहान की दिव्यापुढे दिसले नसते. त्यांच्या पेशी तपासल्या, त्यांच्यातही तोच दोष. त्यांनी केंद्राच्या नोंदींवरून कागदावर वंशावळ काढली. तुमचे सातही जण एकाच जोडीचे नातू-पणतू. सगळ्यांच्या रक्तात ते आहे. आता कितीही अंडी आली आणि कुणीही उबवली तरी हेच होणार.

त्यांनी मला खास सांगितलं, "मामांना लगेच कळव. त्यांच्या हातून काही चुकलेलं नाही. मनावरचं ओझं उतरेल."

म्हणून लगेच कळवतेय. तुमची चूक नव्हती. अजिबात नव्हती. आता तरी नीट झोपा, आणि थोडे दिवस इकडे या. आई वाट बघतेय.

टिटवी


२ सप्टेंबर

टिटवे,

पत्र पोचलं. डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी मनापासून काम केलं, आणि तुला लगेच लिहायला लावलं, हे मी विसरणार नाही.

पिंजरे रिकामे झाले. थोरलीला पिंजऱ्यात घालून गाडीत ठेवायचं काम मीच केलं. बाकी कुणाला ती हात लावू देत नव्हती, मला लावू दिला. चाव्या साहेबांकडे दिल्या. येईन म्हणतो तुमच्याकडे, पण आत्ता नाही.

ओझं उतरेल असं तुम्ही दोघींनी लिहिलंत. रागावू नकोस, पण गेले चार महिने मी तेच ओझं धरून होतो. माझी झोप, माझा काटा, माझी चूक. रोज मनात म्हणायचो, पुढच्या वर्षी दुपारी खुर्चीत बसायचंच नाही. उभं राहायचं, घड्याळ लावायचं, जनरेटर आदल्या दिवशी तपासायचा. सगळं ठरवून ठेवलं होतं.

चूक माझी असती तर बरं झालं असतं गं. मी ती सुधारली असती.

मामा